गेम खेळताना कॉम्प्युटर अचानक रीस्टार्ट होतो? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

बेळगाव : गेम रंगात आलेला असतो, स्क्रीन एकदम काळी होते आणि दोन-चार सेकंदांत मदरबोर्ड कंपनीचा लोगो परत दिसतो. ना निळी स्क्रीन, ना कसला मेसेज. नेट, सिनेमा, टॅलीचं काम सगळं व्यवस्थित चालतं. गेम लावला की मात्र हा प्रकार. दुकानात नेल्यावर पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅटचा. त्यात पैसे जातात, डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो आणि मुलांचे प्रोजेक्ट जातात, आणि घरी आणल्यावर कॉम्प्युटर पुन्हा तसाच वागतो. कारण अशा रीस्टार्टचं मूळ बऱ्याचदा विंडोजमध्ये नसतंच. ते वीजपुरवठ्यात असतं.

तपासणीआधी एक काम उरकून घ्यावं. महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवाव्यात. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल खराब होऊ शकते, आणि पुढच्या चाचण्यांत कॉम्प्युटर मुद्दाम आणखी चार वेळा बंद पडणार आहे.

नेमकं काय होतं हे नीट पाहिलं की अर्धं काम होतं. गेम बंद होऊन नुसता डेस्कटॉप दिसत असेल, तर दोष गेमचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त. मशीन आपोआप परत सुरू होत असेल तर बारा व्होल्टचा पुरवठा क्षणभर खाली आला आणि मदरबोर्डने स्वतःला रीसेट केलं, असा संशय घ्यायला जागा आहे. मशीन पूर्ण मेलं, पॉवर बटणही चालेना, मागचा स्विच बंद करून पुन्हा लावल्यावरच जिवंत झालं, तर एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटने स्वतःहून लाइन तोडली असं समजावं.

विंडोजची एक खोड इथे दिशाभूल करते. निळी स्क्रीन आल्यावर आपोआप रीस्टार्ट व्हावं, असं सेटिंग मुळातच चालू असतं. त्यामुळे निळी स्क्रीन येऊन गेली तरी कळत नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाकावी. पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबली तर तिचा फोटो काढावा. थांबली नाही, मशीन तसंच रीस्टार्ट झालं, तर सॉफ्टवेअरवरचा संशय बराच कमी होतो.

मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा. तिथे लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हमखास असते. ती बघून ‘पॉवर सप्लाय गेला’ असं ठरवू नये. कॉम्प्युटर रीतसर बंद न होता परत सुरू झाला, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही. तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर विंडोजला काही टिपून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बोट हार्डवेअरकडे. आसपास ‘व्हीआ-लॉगर’ची नोंद दिसली, तर प्रोसेसर, रॅम किंवा त्यांचं व्होल्टेज तपासायला हवं.

आता एसएमपीएस. बहुतेक प्रकरणं इथेच येऊन थांबतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट असं ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा बघायचाच नाही. लेबलवर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. तिथे १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे फक्त २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच बारा व्होल्टवर जगतात. आरटीएक्स ३०६० कार्ड एकटंच १७० वॅटपर्यंत घेतं. प्रोसेसरचे ८०-१०० वॅट धरले की हिशेब तिथेच तुटला. या कार्डासाठी एनव्हीडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, ते उगाच नाही.

चांगल्या कंपनीचा एसएमपीएस असूनही हे घडू शकतं. मोठी कार्डं अगदी क्षणभरापुरती आपल्या नेहमीच्या मापाच्या दुपटीच्या आसपास वीज ओढू शकतात. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आल्यावर अनेकांची मशीनं अशीच बंद पडू लागली. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार सोसण्याची अट घातली गेली. नवा एसएमपीएस घेताना खोक्यावर हे मानक लिहिलंय का ते जरूर बघावं.

खर्च न करता खात्री करता येते. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावी, गेममध्ये फ्रेम ६० वर बांधाव्यात आणि तोच गेम दोन-तीन तास चालवावा. रीस्टार्ट थांबला तर एसएमपीएसवरचा संशय पक्का होत जातो. शंभर टक्के पुरावा नव्हे. कार्डच सदोष असलं तरी कमी भारावर ते शांत राहतं. मित्राचा एसएमपीएस एक दिवस लावून बघणं हाच खरा निकाल. कार्डाला दोन प्लग असतील तर एकाच वायरीचे दोन फाटे न लावता दोन वेगळ्या वायरी द्याव्यात.

घरातली लाइनही निर्दोष असेलच असं नाही. बोअरची मोटर सुरू झाली की ट्यूब लुकलुकते, अशा घरात रीस्टार्टची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि मोटरच्या वेळेशी ताडून बघावी. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर १० ते २० मिलिसेकंद तग धरतो. जुना झालेला तेवढाही धरत नाही. आणि यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. बिलिंगच्या कॉम्प्युटरला तो पुरतो, गेमिंगवाल्याला नाही. पावसाळ्यात लाइट क्षणभर जाते, यूपीएस बॅटरीवर जातो आणि त्याच क्षणी भार न पेलल्याने सगळंच बंद पडतं. लाइट स्थिर असेल अशा दिवशी यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीतल्या सॉकेटवर गेम चालवून बघावा. जुन्या घरात अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं.

उष्णतेला उगाच जास्त दोष दिला जातो. आजचे प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ गेले की आधी वेग कमी करतात, गेम अडखळतो. त्यानंतरही तापले तरच मशीन बंद होतं. तरी ‘एचडब्ल्यूइन्फो’मध्ये तापमानाची नोंद फाइलमध्ये चालू ठेवावी. रीस्टार्टनंतर त्या फाइलची शेवटची ओळ बघितली की वाद मिटतो. धूळ तर काढावीच.

रॅमसाठी बायोसमधलं एक्सएमपी बंद करून बघावं आणि रात्रभर मेमटेस्ट लावावा; एकही चूक दिसली तर ती रॅम नको.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट टाळू नये. त्यातल्या अनेक मॉडेलमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होतो, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

एसएमपीएस घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. दुकानात न्यायची वेळ आलीच, तर इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो, तापमानाची फाइल आणि जीएसटी बिल बरोबर न्यावं. माल पुण्याहून, हुबळीहून किंवा ऑनलाइन मागवलेला असला तर वॉरंटी दुकानाची आहे की कंपनीची, हे मशीन उघडायला देण्याआधी विचारून घ्यावं. काही भागांवरचं स्टिकर फाटलं की कंपनी हात वर करते.