माइक कोणाच्या हाती?

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात 25 लाख माणसं होती. तेव्हा आपल्या कोल्हापूर भागातल्या वेणू चितळे लंडनला बीबीसीत जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करीत होत्या. पुढे विविध भारतीवर ‘जयमाला’ आली. जवानांनी फर्माइशी पाठवल्या, सिनेतारे त्यांच्याशी बोलले. म्हणजे रेडिओ जवानाशी भरपूर बोलला. पण घरी परतलेला जवान स्वतः बोलतोय, हे आपण कितीसं ऐकलं?

आपल्या गावागावांत पस्तीस-चाळिशीतले माजी सैनिक आहेत. एसटीतून उतरल्यावर घर कसं वाटलं, मुलांनी ओळखलं का, हे पदकाच्या नोंदीत सापडत नाही. इतिहासाचं हे साधन माणसाबरोबरच जातं. म्हणून आपण नुसता सत्कार करून थांबू नये. माइक त्यांच्याच हाती द्यावा. प्रश्नही त्यांनीच एकमेकांना विचारावेत.