दाब

दाब : पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने कार्य करणारे बल. दाब = बल ÷ क्षेत्रफळ. एक चौरस मीटरवर एक न्यूटन बल लंब दिशेने पडत असेल, तर तो दाब एक पास्कल होय. हे एकक फार लहान असल्याने व्यवहारात किलोपास्कल, बार किंवा पाऱ्याच्या स्तंभाची उंची यांत दाब सांगतात. वातावरणाचा प्रमाण दाब 1,01,325 पास्कल, म्हणजेच 760 मिमी. पारा इतका धरला जातो. लावलेला दाब पदार्थ पुढे कसा पोचवतो, हे त्याच्या अवस्थेवर ठरते.

स्थायू : 30 न्यूटन वजनाची 19 × 9 × 9 सेंमी. मापाची वीट आडवी ठेवल्यास जमिनीवर सुमारे 1,750 पास्कल दाब पडतो. तीच उभी केल्यास तो सुमारे 3,700 पास्कल होतो. वजन तेच, पण टेकलेली बाजू निम्म्याहून लहान. इमारतीचा पाया भिंतीपेक्षा रुंद घेतात आणि रुळांखाली स्लीपर व खडी घालतात, ती दाब कमी करण्यासाठी. सुईचे टोक व विळीचे पाते बारीक ठेवतात, ते वाढवण्यासाठी. स्थायूचे कण आपापल्या जागी बांधलेले असतात. त्यामुळे त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा भार असू शकतो आणि त्याचे वर्णन दाबाऐवजी प्रतिबल या राशीने करतात.

द्रव : द्रवाचे कण एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून स्थिर द्रवात एखाद्या बिंदूपाशी दाब सर्व दिशांना सारखाच असतो. द्रवामुळे पडणारा दाब = खोली × घनता × गुरुत्व त्वरण. पाण्यात दर 10 मीटर खोलीला तो सुमारे 98 किलोपास्कलने, म्हणजे जवळजवळ एका वातावरणाइतका वाढतो. साठा किती लांब पसरला आहे, याचा येथे संबंध नाही. कोयना धरणाचे पाणी मागे कित्येक किलोमीटर पसरले असले, तरी भिंतीवरील दाब ठरतो तो पाण्याच्या खोलीने. म्हणूनच अशा धरणाची भिंत तळाशी सर्वांत रुंद असते. बुडालेल्या वस्तूच्या खालच्या बाजूवर वरच्या बाजूपेक्षा जास्त दाब असतो व या फरकातूनच प्लावक बल निर्माण होते.

बंदिस्त द्रवावर लावलेला जादा दाब सर्वत्र सारखा पोचतो (पास्कलचा नियम). हायड्रॉलिक जॅकमध्ये 5 चौ. सेंमी.च्या दट्ट्यावर 100 न्यूटन बल लावले, तर 500 चौ. सेंमी.चा दट्ट्या 10,000 न्यूटन बल देतो. मात्र मोठा दट्ट्या 1 सेंमी. उचलायला लहान दट्ट्या एकूण 100 सेंमी. दाबावा लागतो, ऊर्जेत फायदा होत नाही.

वायू : वायूचे रेणू पात्राच्या भिंतींवर सतत आदळतात आणि त्या आघातांचा एकत्रित परिणाम म्हणजे वायूचा दाब, हे स्पष्टीकरण डॅनिएल बर्नुली यांनी 1738 मध्ये मांडले. तापमान स्थिर ठेवून आकारमान निम्मे केले, तर दाब दुप्पट होतो (बॉइलचा नियम, 1662). आकारमान कायम ठेवून तापवल्यास रेणूंचा वेग वाढतो आणि दाबही चढतो.

हवेलाही वजन असल्याने वातावरणाचा दाब उंचीबरोबर उतरतो. शास्त्रज्ञ टोरिचेली यांच्या, एका टोकाला बंद व पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलट्या ठेवलेल्या नळीत पारा सुमारे 76 सेंमी.वर स्थिरावत असे. नळी तिरकी केली तरी त्याची उभी उंची तेवढीच राही. पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए यांनी 19 सप्टेंबर 1648 रोजी फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर ही नळी नेली. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंमी. खाली आला, पायथ्याच्या मठात ठेवलेल्या दुसऱ्या नळीतला पारा दिवसभर हलला नाही. पारा हवेच्या भारामुळे तोलला जातो, याचा हा ठोस पुरावा ठरला.

मापन : वातावरणाचा दाब वायुदाबमापकाने, तर बंदिस्त द्रव-वायूंचा दाब मॅनोमीटर किंवा दाबमापीने मोजतात. निर्वातापासून मोजलेला तो निरपेक्ष दाब. भोवतालच्या हवेपेक्षा जितका जास्त तो मापी दाब. टायरमधील हवा व रक्तदाब यांचे आकडे मापी दाबाचे असतात. पंक्चर झालेल्या टायरवर दाबमापी शून्य दाखवते, तेव्हाही आत सुमारे एका वातावरणाचा निरपेक्ष दाब असतो.