गवळाऊ गाय आणि गर्भाचा पहिला आठवडा

नागपूर-वर्ध्याच्या मुलखातील गवळाऊ ही जात ज्या गवळ्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी वंशावळीचे दप्तर कधी लिहून ठेवले नाही. तरीही कोणत्या गाईच्या पोटचा गोऱ्हा वळू म्हणून राखावा आणि कोणता बडवून बंडीला जुंपावा, याचा निवाडा ते आखरावर जमलेल्या जनावरांकडे नुसते पाहून करीत. पांढऱ्या रंगाच्या, सडपातळ बांध्याच्या या जातीचा बैल ओझ्यापेक्षा वेगासाठी नावाजलेला होता, आणि भोसल्यांच्या अंमलात फौजेचा दाणागोटा डोंगरवाटांनी झपाट्याने नेण्यास हीच जनावरे कामी येत, असे परंपरा सांगते. नागपुरात पोरांनी लाकडी नंदी मिरवण्याचा जो तान्हा पोळा आजही भरतो, त्याचे श्रेय परंपरेने दुसऱ्या रघुजी भोसल्यांना दिले जाते. सारांश, मान होता तो बैलाचा. गाईच्या उदरात काय घडते, ते दैवाधीन.

भोसल्यांचे राज्य खालसा होऊन मालगुजारी आली, तरी गावाचा वळू आणि गुरे वळणारा गायकी ही व्यवस्था चालूच राहिली. पुढे 1939 साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत कृत्रिम रेतनाचा भारतातील पहिला प्रयोग झाला, आणि कालांतराने वळूचे सामर्थ्य उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या एका कांडीत सामावले. राज्यपुनर्रचनेत जबलपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय मध्य प्रदेशाकडे गेल्यावर विदर्भासाठी 1958 मध्ये नागपुरात स्वतंत्र महाविद्यालय निघाले, आणि 2000 साली महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आले.

दरम्यान शास्त्राची दृष्टी वळूवरून गर्भाकडे वळली होती. 1951 मध्ये अमेरिकेत एका गाईचा गर्भ दुसरीच्या उदरात वाढवून वासरू जन्मले. 1990 मध्ये कर्नाल येथे काचपात्रात फळलेल्या बीजापासून ‘प्रथम’ हे म्हशीचे रेडकू झाले. गाय फळल्यानंतर सातव्या दिवशी गर्भाशय धुऊन मिळालेला गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर जे दिसते ते विलक्षण असते. आरंभीच्या पेशी तुतीच्या फळाच्या दाण्यांसारख्या सुट्या असतात, आणि त्यांचा सारा कारभार आईने अंड्यात साठवून दिलेल्या शिदोरीवर चालतो. आठ ते सोळा पेशी होताच गर्भाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर जागी होतात. मग ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने पेशी एकमेकींना असे बिलगतात की त्यांच्या सीमा पुसट होतात. बाहेरच्या पेशींमधील फटी घट्ट सांध्यांनी बुजतात, शेजारणींत निरोप नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या उघडतात, आणि आत पाणी साचून पोकळी बनते. बाहेरच्या थरापासून वार, आतल्या पुंजक्यापासून वासरू, अशी वाटणी होते ती येथेच.

1996 मध्ये जर्मन संशोधकांना असे आढळले की गाईच्या पोटात वाढलेल्या या अवस्थेतील गर्भांत त्या नळ्यांच्या कनेक्सिन-43 या प्रथिनाचे जनुक कार्यरत असते, तर काचपात्रात वाढवलेल्यांत ते मूक राहते. दोन्ही गर्भ डोळ्यांना सारखेच दिसले, तरी आतली वीण सारखी नसते. आखरावर उभ्या गवळ्याने गोऱ्ह्याच्या चालीवरून ताडलेली गोष्ट आता पेशींच्या सांध्यांत शोधावी लागते, एवढाच काय तो फरक.

मात्र जात केवळ गर्भाच्या विणीवर टिकत नाही. दमणीची जागा मोटारीने घेतली, संकरित गाईच्या दुधाने घरखर्च भागू लागला, आणि गवळाऊची गरज ओसरली. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर तिचा कळप राखला गेला, हे योग्यच झाले. पण प्रयोगशाळेत तिचा गर्भ जपायचा असेल, तर आर्वीच्या गोठ्यातील तिच्या दुधाला रास्त भाव मिळवून देणे हेही सरकारने आपलेच कर्तव्य मानावे.