जुन्या खेळाकडे परतायचं म्हणजे नेमकं कुठे परतायचं?

श्रोतेहो, भुयारं, राक्षस आणि जादूगारांच्या खेळाचा इतिहास व्याख्यानात कशाला, असं काहींना वाटेल. पण माणूस वीस-पंचवीस वर्षांनी आवडत्या खेळाकडे परततो, तेव्हा तो नेमका कशाकडे परततो? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या इतिहासात त्याचं उत्तर शोधायला चांगली जागा आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काही जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एकेक पात्र, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण ‘डंजन मास्टर’: जग उभं करणारा तोच आणि पंचही तोच. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. शेवटी कुणी जिंकलं, कुणी हरलं, असं नसतं.

आता मूळ बघू. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ वापरात आला, त्यात पंच असे. पुढे अमेरिकेत हौशी मंडळी छोट्या सैनिकांच्या प्रतिमा मांडून लढाया खेळू लागली. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी खेळाडूच्या हाती फौजेऐवजी एकच वीर दिला आणि त्याला किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवलं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांनी त्यांच्यासोबत या खेळाला नियमांचं रूप दिलं. १९७४ मध्ये तीन पुस्तिकांची एक पेटी निघाली, पहिल्या छपाईच्या प्रती १०००.

त्या पुस्तिका अपुऱ्या होत्या, बरं का. लढाईसाठी आणखी एका जुन्या खेळाचे नियम हाताशी आहेत असं त्यांत धरलेलं होतं. तपशील तुमचे तुम्ही ठरवा, असा एकूण सूर. त्यामुळे खेळ पसरला तो एकमेकांचं पाहून. स्वरलिपीवरून बंदीश कळते, गायकी कळत नाही, तसंच हे. पुढे १९७७ ते १९७९ दरम्यान ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचे जाड ग्रंथ आले आणि त्याच गायगॅक्स यांनी खेळ सगळीकडे एकसारखा व्हावा असा आग्रह धरला.

एक नियम मुद्दाम सांगतो. जुन्या खेळात एक सुवर्णनाणं बाहेर आणलं की एक अनुभवगुण मिळे. राक्षस मारून त्या मानाने फार थोडे. परिणाम काय? शहाणा खेळाडू लढाई टाळायचा, राक्षसाला चकवून खजिना पळवायचा. भीती, काटकसर, युक्ती हे सगळं त्या एका ओळीतून येत होतं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मुख्य गुण आव्हानांवर मात करण्याचे झाले, आणि तिथे आव्हान म्हणजे बहुतेकदा लढाईच. तोवर मूळची टीएसआर कंपनी बुडायच्या बेतात येऊन १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे गेलेली होती.

म्हणजे १९८० च्या दशकात खेळणारा मुलगा पुढे शिक्षण, नोकरी, संसारात गुंतला आणि चाळिशीत परतला, तर त्याला नाव तेच मिळालं, पण चिलखताचा आकडा उलटा! पूर्वी तो जितका कमी तितका बचाव चांगला. आता जितका जास्त तितका.

मग या परतलेल्यांनी काय केलं? तिसऱ्या आवृत्तीसोबत कंपनीने एक खुला परवाना दिला होता. त्याचाच आधार घेऊन २००६ मध्ये ‘ऑस्रिक’ नावाने पहिल्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत बांधले गेले. अमेरिकी कायद्यात खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क चालत नाही, शब्दांवर चालतो. ती फटही उपयोगी पडली. त्या कामातले एक लेखक मॅट फिंच यांनी २००८ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. नियम शोधत बसू नका, पंचाने प्रसंग पाहून निवाडा द्यावा, असा तिचा आशय. आमच्या मते ही पुस्तिका ‘ऑस्रिक’इतकीच महत्त्वाची. कारण नियम कसा लावायचा, हे नियमात कधीच पूर्ण लिहिलेलं नसतं, हे विट्गेनस्टाइनने दाखवलेलंच आहे. जे गृहीत होतं, ते परतलेल्या माणसांना पहिल्यांदा लिहावं लागलं. सतत खेळत राहिलेल्याला ती गरज कशाला पडेल?

हे सगळं किती नाजूक होतं, ते जानेवारी २०२३ मध्ये कळलं. कंपनी तो खुला परवाना बदलणार, असा मसुदा बाहेर फुटला. त्यावर उभी असलेली पुस्तकं एका फटक्यात अडचणीत आली असती. खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुले केले. आता ते मागे घेता येत नाहीत.

गायगॅक्स २००८ मध्ये गेले, आर्नेसन २००९ मध्ये. जुनी पुस्तकं पुन्हा छापून निघाली आहेत, कुणीही विकत घेऊ शकतो. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्या टेबलावर निवाडे कसे दिले जात, हे सांगणारी माणसं आता म्हातारी होत आहेत. तेव्हा ज्यांना परतायचं आहे त्यांनी पुस्तकं जरूर घ्यावीत. पण त्याआधी जुन्या सवंगड्यांना गाठावं, त्यांच्यासोबत एक डाव मांडावा, आणि कुठे काय ठरलं ते लिहून ठेवावं. इथे आम्ही थांबतो.