मौलाना आझादांचा 'गुबार'

नेतृत्व म्हटले की आपल्याला मानसन्मान दिसतो, आतली घुसमट दिसत नाही. मौलाना अबुल कलाम आझादांकडे मी याच अंगाने पाहतो.

1940 ते 1946 ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. जिनांनी त्यांना 'शो-बॉय' म्हणून हिणवले. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रजांनी त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या, पण सरकारपुढे हात पसरायला त्यांनी नकार दिला. एप्रिल 1943 मध्ये बेगम वारल्या. याच किल्ल्यात त्यांनी मित्राला पत्रे लिहिली. तेव्हा ती पाठवता आली नाहीत; 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. गुबार म्हणजे धूळ, आणि मनातला सलही. त्या पत्रांत राजकीय तक्रारींपेक्षा चहा, चिमण्या आणि संगीतच जास्त आहे.

फाळणी त्यांना मान्य नव्हती. तरीही ते घरी बसले नाहीत. 1958 मध्ये मृत्यू येईपर्यंत शिक्षणमंत्री राहिले. खरगपूरची आयआयटी, साहित्य अकादमी याच काळातल्या. सहकाऱ्यांविषयीची नाराजी त्यांनी आत्मकथनात मांडली. त्यातली सुमारे तीस पाने सीलबंद ठेवली, ती 1988 मध्ये उघडली.

फाळणीच्या निर्णायक बैठकीत आझाद गप्प बसून राहिले, असा आक्षेप राममनोहर लोहियांनी घेतला. तो मला सहज झटकता येत नाही. नाराजी गिळण्याची किंमत कधी कधी समाजालाही मोजावी लागते.

पण आपल्या संस्थांत, ट्रस्टांत नाराजी म्हणजे एकतर राजीनामा, नाहीतर चव्हाट्यावर भांडण. हातातले काम न सोडता नाराज राहणे आझादांकडून शिकावे. वेळेवर बोलणे मात्र आपले आपणच शिकायला हवे.