चौंतीच्या चौकातून

चंडीगडमध्ये दडलेलं काहीच नाही, असं तिथे जाऊन आलेली बरीच मंडळी सांगतात. रस्ते सरळ, वस्त्यांना नावांऐवजी आकडे, पाट्या जागच्या जागी. जुन्या नाशकात एखादा बोळ जसा अचानक देवळाच्या ओवरीत निघतो, तसं इथे होत नाही. सुखना तलाव, रॉक गार्डन आणि गुलाबांची बाग पाहिली की शहर पाहून झालं म्हणतात. मला हे पटत नाही. शब्दांच्या मागावर फिरणाऱ्याला या शहरात पावलापावलाला थांबावं लागतं. त्यासाठी मी मुद्दाम प्रवासी पुस्तिकांनी वगळलेला सेक्टर निवडतो. दक्षिण मार्गाच्या दक्षिणेला, शहराच्या दुसऱ्या टप्प्यात वसलेला सेक्टर ३४. बँका, कचेऱ्या, परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांचे इंग्रजीचे क्लास, एक मॉल, एक मोठं मैदान, एक गुरुद्वारा. पाहण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी पाट्या वाचा.

शहराच्या नावापासून सुरुवात करू. आपली वर्तमानपत्रं पुष्कळदा 'चंदीगड' छापतात, पण चांदीशी या नावाचा काही संबंध नाही. जवळच्याच चंडीमंदिर या ठिकाणच्या देवीवरून ते पडलं. म्हणून 'चंडीगड' हेच बरोबर. तिकडचा 'गढ' म्हणजे आपला रायगड-सिंहगडातला 'गड'.

आता 'सेक्टर'. लॅटिनमध्ये 'सेकारे' म्हणजे कापणं आणि 'सेक्टोर' म्हणजे कापणारा. ग्रीक भूमितीत वर्तुळाच्या दोन त्रिज्यांमधल्या फोडीला 'तोमेउस' म्हणत, त्याचाही अर्थ कापणारा. लॅटिन पंडितांनी त्याला 'सेक्टोर' हा प्रतिशब्द दिला आणि शब्द भूमितीत शिरला. रोममध्ये त्याला आणखी एक अर्थ होता. जप्त झालेली मालमत्ता सरकारी लिलावात विकत घेणाऱ्यालाही 'सेक्टोर' म्हणत. पुढे लष्कराने आघाडीचे भाग पाडताना हा शब्द उचलला. पूँछ सेक्टर, द्रास सेक्टर अशी नावं मराठी घरांत युद्धाच्या बातम्यांबरोबर आली. शहराच्या वस्तीला हा शब्द लष्करानंतर मिळाला. अल्बर्ट मायर यांच्या १९५० च्या आराखड्यात 'सुपरब्लॉक' होते. १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए आले आणि त्यांच्या नकाशात त्या जागी ८०० मीटर रुंद, १२०० मीटर लांब असे 'सेक्टर' आले. वर्तुळाच्या फोडीचं नाव आयताला चिकटलं आणि देशभर पसरलं.

महाराष्ट्रात या शब्दाचं काय झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईत सेक्टर आले. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये बाजारपेठ आहे आणि योगायोग असा की चंडीगडची मुख्य बाजारपेठही सेक्टर १७ मध्येच आहे. नवी मुंबईकरांनी 'सेक्टर' जसाच्या तसा घेतला. पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणात मात्र वेगळं घडलं. तिथल्या सरकारी मराठी कागदांवर सेक्टरला 'पेठ' म्हटलं गेलं. पेठ क्रमांक १२, पेठ क्रमांक २७. हा प्रतिशब्द कोणत्या टेबलावर सुचला असेल कोण जाणे, पण सुचवणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. कन्नडात 'पेटे', तेलुगूत 'पेट', तमिळात 'पेट्टै' आणि आपल्याकडे 'पेठ' हा बाजाराभोवती वाढलेल्या वस्तीचा दक्षिणी शब्द. पुण्यात पेठांना वार मिळाले. गुरुवार पेठेला तर आधी वेताळ पेठ म्हणत. एक शब्द कापण्यातून आलेला, दुसरा बाजारातून. चंडीगडच्या प्रत्येक सेक्टरात त्याचा स्वतःचा बाजाररस्ता आखलेला आहे, हे लक्षात घेतलं की 'पेठ' हे भाषांतर मूळ शब्दापेक्षा त्या कल्पनेच्या जास्त जवळ जातं. म्हणून माझ्यापुरती ही चौतिसावी पेठ.

आकडे रुक्ष असतात, अशी तक्रार करणाऱ्याने ते तिथल्या लोकांच्या तोंडून ऐकावेत. पंजाबीत सतराला 'सतारां', बावीसला 'बाई', चौतीसला 'चौंती'. 'सतारां' कानावर पडलं की मराठी माणसाला सातारा आठवतोच. अजिंक्यताऱ्याला सतरा तट आणि सतरा बुरूज होते म्हणून गावाचं नाव सातारा, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. लोकांनी रचलेल्या अशा व्युत्पत्त्या शास्त्राला पुरेशा नसतात, पण आकड्यातून गावाचं नाव होऊ शकतं एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. चंडीगडमध्ये तेच आपल्या डोळ्यांसमोर घडलं. 'बाई'त खरेदी, 'सतारां'त फेरफटका आणि 'चौंती'त क्लास असं म्हणणाऱ्याला त्यात आकडा ऐकूच येत नाही, जागा ऐकू येते.

या 'चौंती'तला 'चौ' संस्कृत 'चतुर्'चा. हाच 'चौ' 'चौकात' आहे. 'चतुष्क'चं प्राकृतात 'चउक्क' झालं आणि आपल्याकडे 'चौक'. कॉर्ब्युझिए यांनी सेक्टरचं माप ठरवताना स्पॅनिश शहरांतल्या 'क्वाद्रा' या घरगटाचा आधार सांगितला होता. क्वाद्रा म्हणजे चौरस, लॅटिन 'चार'मधून आलेला. लॅटिनचा हा चार आणि संस्कृतचा चतुर् एकाच मूळ शब्दाची रूपं. इंग्रजी 'स्क्वेअर'ही त्याच क्वाद्रातून निघाला. म्हणजे सेक्टर ३४ मधल्या 'पिकॅडिली स्क्वेअर' या मॉलच्या पाटीत चार आहे, शेजारच्या 'पिकॅडिली चौका'त चार आहे आणि चौंतीतही चार आहे.

राहिली पिकॅडिली. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट बेकर नावाचा शिंपी होता. 'पिकॅडिल' म्हणजे कातरलेल्या काठाच्या ताठ कॉलरी. त्या विकून त्याने पैसा केला आणि मोठं घर बांधलं, ते लोकांनी 'पिकॅडिली हॉल' करून टाकलं. घरावरून रस्त्याला नाव पडलं. तिथून ते नाव पंजाबच्या मैदानी मुलखात एका सिनेमागृहाला मिळालं आणि सिनेमागृहाचं चौकाला. कातरलेल्या कॉलरीचं नाव कापलेल्या सेक्टरात येऊन राहिलं, हे पाहून मला मनापासून आनंद होतो.

चौकातून निघणारे रस्ते दोन नावांचे असतात, मार्ग आणि पथ. दक्षिण मार्ग, मध्य मार्ग, हिमालय मार्ग, जन मार्ग. विद्या पथ, सरोवर पथ, उद्योग पथ. या नावांकडे परका माणूस सरकारी भारदस्तपणा म्हणून पाहतो. पण 'मार्ग' हा मुळात रानातला शब्द आहे. 'मृग्' म्हणजे शोधणं. ज्याचा शोध घ्यायचा, ज्याची शिकार करायची, तो मृग. तेव्हा मृग म्हणजे कुठलंही जनावर, नाहीतर सिंहाला मृगेंद्र का म्हटलं असतं? मृगाची पावलं जिथून गेली तो मार्ग. संस्कृतात पुढे तो पक्का रस्ता झाला, पण मराठीने त्याचा जुना अर्थ जपला. 'माग काढणे' म्हणजे पावलांचे ठसे धरून जाणं. 'मागमूस' त्यातलाच. पावलं जिकडून आली ती दिशा 'मागे'. आणि शोधता शोधता हात पुढे केला की 'मागणे'. एसटीच्या पाटीवर 'शिरवळमार्गे' लिहिलेलं असतं आणि शेजारी कुणीतरी 'व्हाया' म्हणत असतो. हा व्हाया लॅटिनचा 'विआ', फ्रेंचमध्ये 'व्वा'. कॉर्ब्युझिए यांनी चंडीगडचे रस्ते सात प्रतींत बसवले आणि त्यांना व्ही १ ते व्ही ७ अशी नावं दिली, त्यातला व्ही या फ्रेंच 'व्वा'चं आद्याक्षर. पहिला व्ही शहरांना जोडणारा, तिसरा सेक्टरच्या चारी बाजूंनी जाणारा वेगवान, आणि सातवा पायवाट, हिरव्या पट्ट्यातून जाणारी.

या सातव्याला 'वाट' म्हणावं असं मला वाटतं. 'वर्त्म' पासून 'वाट', आणि वर्त्म 'वृत्' धातूचं. वृत् म्हणजे वळणं, फिरणं, वर्तुळ त्याचंच. म्हणजे वाट शब्दाच्या जन्मातच वळण आहे. तिसऱ्या व्हीवरून गाडीने जाणाऱ्याला सेक्टर दिसतच नाही, कारण त्या रस्त्यावर घराचं दार उघडायचं नाही असा नियमच आहे. जुन्या वाड्याला बाहेरून नुसती भिंत आणि सगळं जगणं आतल्या चौकात, तशी ही रचना आहे. चंडीगड उघडं-वाघडं शहर आहे हा समज तिथेच खोटा ठरतो. सगळंच्या सगळं शहर आतल्या बाजूला तोंड करून बसलेलं आहे. ते पाहायचं तर मार्ग सोडून वाटेला लागावं लागतं.

फिरण्याचे शब्दही पाहावेत. चंडीगडच्या तरुणांचा आवडता शब्द 'गेडी'. संध्याकाळी दुचाकी नाहीतर मोटार काढायची आणि ठरलेल्या रस्त्यांवर चकरा मारायच्या, त्याला गेडी मारणं म्हणतात. उत्तरेच्या सेक्टरांमधून जाणारा 'गेडी रूट' प्रसिद्ध आहे. पंजाबीत 'गेडना' म्हणजे फिरवणं, आणि हे क्रियापद विहिरीच्या रहाटाचं. बैल गोल फिरत, रहाट फिरे, पाणी वर येई. रहाट गेले, शेतं गेली, तिथे सेक्टर आले, पण क्रियापद टिकून राहिलं. आपली 'फेरी' त्याच जातीची. प्रभातफेरी, फेरीवाला, फेरफटका. 'भ्रमंती'तला भ्रम् आपल्या भोवऱ्यात आणि सभोवतालात आहे. 'पर्यटन' या दफ्तरी शब्दातही 'परि' म्हणजे भोवती. पंजाबी 'घुम्मणा' म्हणजे फिरणं. तोच शब्द मराठीत 'घुमणे' झाला आणि पारव्याच्या गळ्यात, ढोलात, अंगात आलेल्या माणसात जाऊन बसला. सरळ रेषांच्या शहरात माणसं फिरण्यासाठी गोल शब्द वापरतात. एकटा 'हिंडणे' निराळा. पाणिनीय धातुपाठात 'हिण्ड्' धातूचे दोन अर्थ दिले आहेत, गती आणि अनादर. कुठे पोचायचं याची पर्वा न करता चालणं, असा मी त्यांचा मेळ घालतो. शहर पाहायला हाच धातू चांगला.

तसं हिंडलं की चौतिसाव्या पेठेतही 'सांदी' सापडते. सांदी म्हणजे 'संधी', दोन वस्तूंच्या जोडातली फट. 'कोपरा' आणि हाताचं 'कोपर' संस्कृत 'कूर्पर'चे, म्हणजे जिथे वाकतं ती जागा. इथल्या इमारतींवर एससीओ असं लिहिलेलं असतं, म्हणजे शॉप-कम-ऑफिस. हा लॅटिन 'कम' म्हणजे 'सह'. आपल्या सरकारी जाहिरातींनी त्याला 'नि' हा सुरेख पर्याय दिला आहे: लिपिक-नि-टंकलेखक. त्या हिशेबाने हे दुकान-नि-कचेरी.

सेक्टर ३४ पासून थोड्याच अंतरावर, सेक्टर ४५ मध्ये बुडैल आहे. शहराच्या आधीपासूनचं गाव, अरुंद गल्ल्यांचं, जुन्या किल्ल्याच्या खुणा बाळगणारं. अशा गावांच्या हद्दीला तिथे 'लाल डोरा' म्हणतात. महसुली नकाशावर वस्तीभोवती ओढलेली लाल रेघ. 'डोरा' म्हणजे आपला 'दोरा'. मराठीत त्या रेघेच्या आतल्या भागाला 'गावठाण' म्हणतात, ग्रामस्थान. एका भाषेने हद्दीचं नाव ठेवलं, दुसरीने आतल्या वस्तीचं. वाशीगाव, जुहूगाव ही नवी मुंबईतली गावठाणं त्याच दोऱ्यात सापडलेली. चंडीगडसाठी जी गावं उठली त्यांच्या मोडक्या सामानातून रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ पासून झाडीत एक बाग रचायला घेतली. सरकारला कळायला जवळजवळ दोन दशकं लागली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी उघडली आणि रॉक गार्डन झाली. ज्या शहरात दडलेलं काही नाही असं म्हणतात, त्याची सर्वांत प्रसिद्ध जागा अशी दडून वाढली.

सेक्टर ३४ च्या मैदानावर मेळे भरतात, दसऱ्याला रावण जळतो. मराठीत मेळ्याला 'जत्रा' म्हणतात. 'यात्रा'चं जत्रा झालं, तेव्हा जाण्याच्या शब्दाने पोचण्याच्या जागेचा अर्थ घेतला. दोन्ही रूपं आपण ठेवली, हे बरं केलं.

आणि गुरुद्वारा. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. गुरदासपूर जिल्ह्यात घुमाण इथे त्यांचं वास्तव्य झाल्याचं पंजाबात मानतात, आणि २०१५ मध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं. त्या पदांत 'बीठलु' हा शब्द येतो. उत्तरेच्या संतांच्या मिश्र बोलीत 'व'चा 'ब' होतो; हिंदीत वाटेची 'बाट' झाली, वडाचा 'बड' झाला, तसा विठ्ठलाचा बीठल. शेवटचा 'उ' हा त्या बोलीतला पुल्लिंगी कर्त्याचा प्रत्यय, तोच जो ज्ञानेश्वरीच्या भाषेत 'देवु', 'विठ्ठलु' अशा रूपांत भेटतो आणि आजच्या मराठीने टाकून दिला. पंढरपुरात आता कुणी 'विठ्ठलु' म्हणत नाही. पंजाबात ग्रंथाचा पाठ त्या ओळीवर आला की हे रूप आजही पानावर जसंच्या तसं समोर येतं, चौंतीतही.