विकलेली जुनी गाडी शोधताना: नोंदी काय सांगतात, कायदा काय सांगतो

नवी दिल्ली : क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांनी ऑगस्ट २०२० मध्ये एका मुलाखतीत आपल्या पहिल्या गाडीची, मारुती ८०० ची, आठवण काढली होती. ती गाडी आता आपल्याजवळ नाही, मात्र ती परत मिळाल्यास आनंद होईल. तिच्याविषयी कोणाला माहिती असल्यास संपर्क साधावा, असे आवाहन त्यांनी केले होते. कोणतीही गाडी विकत घेऊ शकणाऱ्या व्यक्तीलाही विकलेली जुनी गाडी शोधण्यासाठी लोकांना साद घालावी लागली.

घरातली पहिली फियाट, अॅम्बेसेडर किंवा मारुती विकल्यानंतर अनेक वर्षांनी ती कुठे असेल, असा प्रश्न अनेक कुटुंबांत निघतो. या शोधाला भावनेइतकीच कायद्याचीही बाजू आहे. गाडी हातची गेली तरी सरकारी नोंदीत जुन्या मालकाचे नाव तसेच राहिलेले असू शकते आणि त्याचे परिणाम गंभीर असतात.

आरंभ घरातील कागदांपासून

शोधासाठी सर्वप्रथम नोंदणी क्रमांक हवा. तो आठवत नसल्यास जुन्या विमा पॉलिसी, कर भरल्याच्या पावत्या, सर्व्हिस बुक, कर्जाची कागदपत्रे आणि घरातील छायाचित्रे तपासावीत. गाडीपुढे उभे राहून काढलेल्या छायाचित्रात नंबरप्लेट हमखास दिसते. आरसी बुकाची प्रत मिळाल्यास उत्तम, कारण तिच्यावर इंजिन आणि चेसिस क्रमांकही असतो.

नोंदणी क्रमांक ही गाडीची कायमची ओळख नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे पुण्यात ‘एमएच १२’ म्हणून धावलेली गाडी आज बेळगावात ‘केए’ने सुरू होणारा क्रमांक लावून फिरत असू शकते. सांगाड्यावर ठोकलेला चेसिस क्रमांक मात्र राज्य किंवा मालक बदलला म्हणून बदलत नाही. त्यामुळे समोर आलेली गाडी आपलीच आहे, याची खात्री त्यावरूनच करावी. रंग, डागडुजी किंवा बदललेले इंजिन यांवरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

‘वाहन’ प्रणालीची मर्यादा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीत देशभरातील वाहनांची माहिती संकलित केली जाते. ‘परिवहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ अॅपवर नोंदणी क्रमांक टाकल्यास गाडीचे मॉडेल, नोंदणीची तारीख, नोंदणी व विम्याची मुदत असा तपशील पाहता येतो. विमा अलीकडेच भरलेला असल्यास गाडी कोणाच्या तरी वापरात आहे, असे मानण्यास आधार मिळतो. सर्व मुदती बऱ्याच वर्षांपूर्वी संपल्या असतील, तर ती कुठेतरी उभी आहे किंवा मोडीत निघाली आहे, अशी शक्यता अधिक.

संगणकपूर्व काळातील अनेक नोंदी आरटीओच्या कागदी रजिस्टरांत होत्या आणि त्यातील सर्वच ‘वाहन’मध्ये आलेल्या नाहीत. त्यामुळे प्रणालीत क्रमांक सापडला नाही, एवढ्यावरून गाडी नष्ट झाली असे समजू नये. मूळ नोंदणी झालेल्या आरटीओकडे लेखी विचारणा करणे हा पुढचा मार्ग होय.

आजच्या मालकापर्यंत

प्रणालीवर मालकाचे नाव अक्षरे झाकून दाखवले जाते. पत्ता व दूरध्वनी क्रमांक दिला जात नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्येही वैयक्तिक माहितीला संरक्षण असून केवळ जुन्या आठवणींसाठी ती मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. एजंटाला पैसे देऊन पत्ता काढण्याचा मोह टाळावा. आज ज्यांच्या दारात ती गाडी उभी आहे, त्यांनाही खासगीपणाचा हक्क आहे.

त्याऐवजी साखळीने जाणे श्रेयस्कर. ज्यांना गाडी विकली त्यांच्याकडे चौकशी करून त्यांनी ती पुढे कोणाला दिली, हे विचारावे. व्यवहार जुळवणारा दलाल, गाडीची देखभाल करणारा मेकॅनिक आणि विमा एजंट यांच्या स्मरणात बरेच काही असते. प्रत्येकाकडे आपला संपर्क क्रमांक देऊन तो पुढच्या मालकापर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी. उत्तर द्यायचे की नाही, हा निर्णय त्या मालकाचा राहतो.

गाडी फारशी हात न बदललेली असेल तर माग सोपा असतो. देशातील पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते देण्यात आली. डीआयए ६४७९ क्रमांकाची ही गाडी त्यांनी २०१० मध्ये निधन होईपर्यंत जवळ ठेवली. नंतर ती घराबाहेर गंजत पडली होती. पुढे कंपनीने तिची दुरुस्ती करून ती आपल्या मुख्यालयात मांडली.

नोंदीत आपलेच नाव आढळल्यास

शोध घेताना गाडी अजून आपल्याच नावावर असल्याचे आढळले, तर तेथून पुढे प्रश्न जबाबदारीचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात याबाबत स्पष्ट निकाल दिला. त्या प्रकरणातील गाडी २००७ मध्ये विकली गेली व पुढे आणखी हात बदलत गेली. २००९ मध्ये तिचा अपघात झाला, तेव्हा नोंदीत नाव पहिल्या मालकाचेच होते. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली.

कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. ती राहून गेली असल्यास विक्रीच्या पुराव्यासह आरटीओला त्वरित लेखी कळवून पोच जपून ठेवावी. मात्र केवळ पत्र दिल्याने नोंद बदलत नाही. खरेदीदाराला गाठून हस्तांतर पूर्ण करून घेणे आवश्यक आहे.

शोध जिथे थांबतो

मोडीत निघालेल्या गाडीची नोंदणी रद्द करणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रे तसे प्रमाणपत्रही देतात. परंतु त्यापूर्वी असंख्य गाड्या मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्यातील मलिक बाजार अशा ठिकाणी सुट्या भागांत विखुरल्या. अशा गाडीचा छडा लागणे जवळजवळ अशक्य असते.

गाडी सापडली आणि मालक विकण्यास तयार असला, तरी पैसे देण्यापूर्वी चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा, थकीत कर आणि प्रलंबित ई-चलने तपासावीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवरील निर्बंधांबाबतचे आदेश बदलत आले असल्याने तेथील ताजी स्थिती आधी जाणून घ्यावी. गाडी ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात असल्यास २०२१ च्या नियमांनुसार तिला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

व्यवहार ठरल्यास या वेळी हस्तांतराचे अर्ज दोघांनी एकत्र आरटीओत दाखल करावेत आणि नव्या आरसीवर नाव आल्याची खात्री करूनच प्रकरण पूर्ण झाले असे समजावे.